शिंदीची झाडं आणि देवमाशाची जहाजं

जपानच्या ‘निशिन मारू’ या जहाजाच्या पाठीमागं एक उतार होता. लोखंडी, रुंद, थेट पाण्यात गेलेला. हार्पूनची, म्हणजे दोर बांधलेल्या भाल्याची, तोफ बसवलेली छोटी, चपळ जहाजं अंटार्क्टिकच्या समुद्रात देवमासा हेरायची, मारायची आणि ओढत आणून या उताराच्या तोंडाशी लावायची. तिथून विंचनं वर घेतला की डेकवर लांब दांड्यांची पाती घेतलेली माणसं उभीच असायची. कापणं, धुणं, पेट्यांत भरणं, गोठवणं, सगळं त्याच जहाजाच्या पोटात. शिकार करणारी जहाजं कितीही असोत, माल चढायचा तो त्या एका उतारावरून.

देवमाशांची शिकार अडवायला निघालेल्या पॉल वॉटसनच्या ‘सी शेफर्ड’ या संघटनेवाल्यांनी ही नस बरोबर पकडली होती. आपलं जहाज त्या उताराच्या मागं असं चिकटवून हाकायचं की मारलेला देवमासा वर चढवायला जागाच राहू नये. जोडीला बाकीच्या खोड्या होत्याच. पंख्यात अडकावेत म्हणून पाण्यात सोडलेले जाड दोर, आणि ब्युटिरिक ॲसिडच्या बाटल्या. त्याचा वास कुजलेल्या लोण्याचा. डेकवर एक बाटली फुटली की तिथं उभं राहून काम करणं कठीण. २०१०-११ च्या हंगामात साडेआठशेच्या आसपास मिंके देवमासे मारायचे ठरले होते. मारले गेले १७०, आणि फिन जातीचे दोन. फेब्रुवारी २०११ मध्ये जपाननं आपला ताफा हंगाम संपायच्या आत माघारी बोलावला आणि त्याचं कारण म्हणून या लोकांचा त्रास हेच सांगितलं.

समुद्रापासून एवढ्या लांब, सोलापुरात बसून मला हे तोंडपाठ झालं ते माझ्या भाचीमुळं. ती शिरवळला पशुवैद्यकीला आहे. तिच्या मोबाइलच्या पाठीवर ‘सी शेफर्ड’चं चिन्ह चिकटवलेलं आहे: काळ्यावर पांढरी कवटी, खाली आडवा त्रिशूळ आणि मेंढपाळाची काठी. माझ्या बहिणीला बरेच दिवस ते बिरोबाचं काहीतरी वाटत होतं आणि कवटी कशाला हे विचारायचं तिला धाडस होत नव्हतं.

जुलै २०२४ मध्ये वॉटसनला ग्रीनलंडमध्ये, नूक बंदरात अटक झाली तेव्हा आमच्या घरात हा विषय पेटला. जपानचं वॉरंट होतं. २०१० साली अंटार्क्टिकमध्ये जपानी जहाजाच्या कामात अडथळा आणला, बाटलीनं खलाशाला इजा केली आणि आपल्या एका माणसाला त्या जहाजावर बेकायदा चढवण्यात सामील होता, असे आरोप. पाच महिने आत ठेवून डिसेंबरमध्ये डेन्मार्कनं त्याला जपानच्या हवाली करायला नकार दिला. घटनेला चौदा वर्षं लोटली होती, आणि ग्रीनलंडमध्ये काढलेली कैद पुढच्या शिक्षेतून वजा होईल याची खात्री मिळत नव्हती. भाचीनं त्या दिवशी पेढे आणले. मी पेढा खाल्ला, पण वकील असल्यामुळं म्हणा किंवा सोलापूरचा असल्यामुळं म्हणा, मला चुटपुट लागून राहिली. खटला उभाच राहिला नाही.

आता सोलापूरचा यात काय संबंध, ते सांगतो.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर बंद झालं. गिरण्यांतले कामगार बाहेर पडले. ८ मे रोजी लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले. शिंदी म्हणजे ताडी, ताडी म्हणजे अबकारी, आणि अबकारी म्हणजे सरकारचा पैसा. झाड तोडण्यात दारूबंदी होती तशी सरकारच्या गल्ल्यावर कुऱ्हाडही होती. पोलिसांनी माणसं धरली, जमाव चिडला. मल्लप्पा धनशेट्टींनी जमावाला आवरलं असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पण झेंडा घेऊन पुढं आलेल्या शंकर शिवदारेला गोळी घातली गेली आणि मग कुणाचं कुणी ऐकलं नाही. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, कोर्ट पेटवलं, पोलीस मारले गेले. पुढचे काही दिवस गावात सरकार नावाची वस्तूच नव्हती, रस्त्यावरची व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक बघत होते. मग मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत. माझी आजी सांगायची, डोक्यावर पांढरी टोपी दिसली की सोजीर काठी घालायचे, म्हणून तिच्या सासऱ्यानं टोपी तांदळाच्या डब्यात लपवली होती. धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. गांधीजी त्या वेळी त्याच येरवड्यात कैदेत होते.

दर १२ जानेवारीला आम्ही चार पुतळ्यांना हार घालतो. नेमकी गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू झालेली असते, बाराबंदी घातलेली माणसं त्याच चौकातून जात असतात, भाषणं होतात. त्या भाषणांत शिंदीची झाडं येतात, चौकी ओझरती येते आणि चौकीतले पोलीस येतच नाहीत. मी लहानपणापासून ऐकतो आहे, एकाही वक्त्यानं त्यांचा उल्लेख केलेला माझ्या कानावर नाही. तेही कुणाच्या तरी घरचे होते, बहुतेक इथल्याच आसपासच्या गावचे.

म्हणून ‘सरकारी मालमत्ता मोडणं म्हणजे हिंसा का?’ या प्रश्नावर सोलापूरकरानं फार सोवळं होऊ नये. झाड तोडणं आम्हाला मान्य. चौकी जाळण्याबद्दल आम्ही खाली बघतो. माणूस मारण्याबद्दल गप्प बसतो. १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला पोलीस जाळले गेले तेव्हा गांधीजींनी आंदोलनच थांबवलं होतं. १९३० मध्ये ते बाहेर असते तर सोलापूरला काय म्हणाले असते, याचा विचार आम्ही कधी मोठ्यानं करत नाही.

आणि ही उतरंड, झाड, चौकी, माणूस, देवमाशांच्या लढाईतही जशीच्या तशी आहे. फक्त तिथं लोकांनी तिच्यावर उघडपणे भांडण केलं.

जून १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रात ‘ग्रीनपीस’ या पर्यावरण संघटनेची माणसं पहिल्यांदा रशियन शिकारी ताफ्याला भिडली. रबरी होडी देवमासा आणि हार्पून यांच्या मधे घातली. होडीत रॉबर्ट हंटर आणि वॉटसन होते. रशियनांनी त्यांच्या डोक्यावरून हार्पून सोडला, तो देवमाशाला लागला, आणि ती फिल्म जगभर गेली. हे शुद्ध सत्याग्रहाचं रूप. अंग आपलं, धोका आपला. दोन वर्षांत वॉटसन ग्रीनपीसच्या बाहेर होता. सीलच्या शिकारीविरुद्धच्या मोहिमेत त्यानं शिकाऱ्याचा सोटा आणि कातडी हिसकावून पाण्यात फेकली, ते सहकाऱ्यांना मानवलं नाही. १९७९ मध्ये त्यानं पोर्तुगालजवळ ‘सिएरा’ नावाच्या, कुठलेच नियम न पाळणाऱ्या शिकारी जहाजाला आपल्या जहाजाची धडक दिली. जहाजावर माणसं असताना. कुणी मेलं नाही. मेलं असतं तर आज कवटीचं ते चिन्ह माझ्या भाचीच्या मोबाइलवर असतं का, हा प्रश्न मी तिला विचारला तर ती विषय बदलते.

नोव्हेंबर १९८६ मध्ये आइसलँडला जे झालं ते मात्र मी तिच्याकडून दोनदा ऐकून घेतलं. रॉड कोरोनाडो आणि डेव्हिड हॉविट हे दोघं तिथं राहून, पाहणी करून, एका रात्री आधी देवमाशांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात शिरले आणि तिथली यंत्रं आणि कागदपत्रं नासवली. मग रेक्याविक बंदरात जाऊन ‘ह्वालूर ६’ आणि ‘ह्वालूर ७’ या दोन जहाजांच्या तळातल्या, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपा उघडल्या. स्फोट नाही, आग नाही. पाणी आपल्या वजनानं आत येत राहिलं आणि दोन्ही जहाजं धक्क्याला बांधल्या जागी बुडाली. आइसलँडकडं अशी चारच जहाजं होती. कुणाला खरचटलं नाही. सकाळी दोघं विमानानं देशाबाहेर.

इथं माझ्यातला वकील जागा होतो. पळाले का? सत्याग्रहाची सगळी ताकद ‘मीच केलं, धरा’ या वाक्यात आहे. शिंदी तोडणारा तिथंच उभा राहायचा, म्हणून सरकारची पंचाईत व्हायची. पण पुढची गोष्ट मजेशीर आहे. जानेवारी १९८८ मध्ये वॉटसन स्वतः आइसलँडला गेला. जबाबदारी माझी, चालवा खटला म्हणाला. आइसलँडनं त्याला थोडा वेळ डांबलं आणि विमानात बसवून परत पाठवलं. खटला त्यांनाच नको होता. साक्षीपुराव्यात आपली शिकारही निघाली असती! म्हणजे उभं राहायला माणूस तयार असून भागत नाही, धरणाराही तयार लागतो. हा मुद्दा मी भाचीला देऊन टाकला.

तरी २०१२ ची गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही. जर्मनीत जामिनावर असताना वॉटसन पसार झाला. जपानकडं सोपवतील अशी त्याला भीती होती, ती अगदीच खोटी नसेल. पण जामीन म्हणजे शब्द असतो. माझ्याकडं येणारा गुऱ्हाळावरचा कामगार तारखेला मजुरी बुडवून हजर राहतो, आणि जगभर ज्याचे पोस्टर लागतात तो माणूस तारीख चुकवतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टानं ‘सी शेफर्ड’ला सरळ चाचे म्हटलं. त्यासाठी लाकडी पाय आणि डोळ्यावर पट्टी असायची गरज नाही, अशा अर्थाचं न्यायाधीशांनी लिहिलं. मला ते जरा चमकदारच वाटलं. पण जामीन बुडवणाऱ्याच्या बाजूनं कोर्टात युक्तिवाद करणं अवघड, हेही खरं.

माझ्या मनात त्या सगळ्यांत वरचा नंबर दोन जपानी माणसांचा आहे. जुनिची सातो आणि तोरू सुझुकी, दोघं ग्रीनपीस जपानचे. जहाजावरचे काही कर्मचारी देवमाशाचं मांस चोरून घरी पाठवतात, अशी आतल्याच एका माणसानं त्यांना टीप दिली. २००८ मध्ये त्यांनी आओमोरीतल्या कुरिअर कंपनीच्या गोदामातून एक पेटी उचलली. आत तेवीस किलोंच्या वर मांस निघालं. ती पेटी घेऊन ते सरळ टोकियोच्या सरकारी वकिलांकडं गेले आणि तक्रार दिली. झालं काय? मांसाची चौकशी गुंडाळली आणि पेटी चोरली म्हणून या दोघांना अटक. २०१० मध्ये एक वर्षाची, तहकूब ठेवलेली शिक्षा. त्याच वर्षाच्या शेवटी मत्स्यखात्यानं कबूल केलं की आपल्या काही अधिकाऱ्यांनी असं मांस भेट म्हणून घेतलं होतं. या प्रकरणात ना जहाज बुडालं, ना बाटली फुटली. एक पेटी चुकीच्या हातानं योग्य टेबलावर गेली आणि हात वर करून उचलणारे तिथंच थांबले. भाचीला ही गोष्ट मिळमिळीत वाटते. तिचं वय लक्षात घेता ते ठीकच.

पण तिची एक बाजू मला खोडता येत नाही. ती म्हणते, “मामा, तुम्ही कायदा कायदा करायलाव, पण कायदा काय करायला होता तेव्हा?” काय करत होता ते बघितलं तर मान खाली जाते. देवमाशांच्या शिकारीचं नियमन करणारा आंतरराष्ट्रीय करार १९४६ चा. कोटा, हंगाम, कुठल्या जाती मारायच्या नाहीत, सगळं लिहिलेलं. आणि १९४८ ते १९७३ या काळात सोव्हिएत ताफ्यांनी सुमारे १,८०,००० देवमासे मारून त्यांची नोंदच दडवली. जहाजावर तपासनीस होते, तेही त्यांचेच. १९९३ मध्ये अलेक्सी याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं ते उघड केलं तेव्हा जगाला कळलं. विसाव्या शतकात एकूण सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. १९८२ मध्ये व्यापारी शिकारीवर स्थगितीचा ठराव पंचवीस विरुद्ध सात मतांनी झाला, भारत ठरावाच्या बाजूनं होता, अंमल १९८६ पासून. तोवर दक्षिण समुद्रातला निळा देवमासा जवळजवळ संपला होता. आणि ठरावानंतरही जपाननं १९८७ पासून ‘संशोधन’ म्हणून शिकार चालूच ठेवली, करारातल्याच एका कलमाच्या आधारानं. कलमातून पळवाट काढणं आम्हा वकिलांना नवं नाही, पण एवढी रुंद पळवाट, की तिच्यातून अख्खं कारखाना-जहाज जावं!

मग मी तिला माझ्या अशिलाची गोष्ट सांगितली. ती तिला आवडली नाही, आणि आवडावी म्हणून सांगितलीही नव्हती.

तो टेम्पो चालवायचा. सांगोल्याच्या बाजारातून जनावरं भरून निघाला होता. रात्री हायवेवर चार मोटारसायकली आडव्या आल्या. गाडीत म्हशी होत्या. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल, वळूसुद्धा कापायला बंदी आहे, म्हशीला नाही. बाजाराची पावती त्याच्या खिशात होती. ती कुणी वाचली नाही. माझ्याकडं आला तेव्हा उजव्या हाताची बोटं इतकी सुजलेली होती की वकीलपत्रावर सही करता येईना. सही येणाऱ्या माणसाचा मी अंगठा घेतला. त्याच्यावरच गुन्हा दाखल होता.

त्या पोरांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं? मुकं जनावर आहे, त्याला वाचवायला पोलीस येत नाहीत, म्हणून आम्ही येतो. कायदा आहे, पण राबवणारा कुणी नाही. वॉटसनही नेमकं हेच सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या निसर्गविषयक सनदेचा आधार देतो आणि म्हणतो, सरकारं राबवत नाहीत म्हणून आम्ही राबवतो.

“दोन्ही एकच म्हणायलाव का तुम्ही?” भाची उसळली.

एकच नाहीच. एकीकडं कारखाना चालवणारी सरकारच्या पैशावरची जहाजं आणि दुसरीकडं भाड्याच्या टेम्पोवरचा ड्रायव्हर. एकीकडं मांस वर चढू न देणं, दुसरीकडं माणसाची बोटं. आणि त्या हायवेवर जनावरापेक्षा ड्रायव्हरचं नाव आधी विचारतात, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. पण ‘मी बरोबर आहे म्हणून मला अडवायचा अधिकार आहे’ हे वाक्य दोघांच्याही तोंडी बसतं. म्हणून मला ते वाक्य पुरत नाही. मला बघायचं असतं की धोका कुणाच्या अंगावर टाकला आणि पोलीस आल्यावर तो माणूस कुठं होता. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन स्त्रिया रेक्याविकमध्ये शिकारी जहाजांच्या डोलकाठीवर, टेहळणीच्या पिंपात चढून दीड दिवस बसल्या. खाली उतरल्या त्या पोलिसांच्याच हाती. तिथं माझी काहीच तक्रार नाही.

त्याच वर्षी आइसलँडमध्ये आणखी एक गोष्ट झाली, आणि ती भाचीच्या धंद्यातली होती. तिथल्या सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेनं आदल्या हंगामात मारलेल्या १४८ फिन देवमाशांचा अहवाल काढला. हार्पूनच्या टोकाला स्फोटक असतं, ते आत फुटून देवमासा क्षणात मरावा अशी कल्पना. अहवालात निघालं की ५९ टक्केच तसे मेले. ३६ देवमाशांना एकाहून जास्त वेळा मारावं लागलं. दोघांना तासाच्या वर लागला. मत्स्यमंत्री स्वान्दिस स्वावार्सदोत्तिर यांनी हंगामाच्या तोंडावर शिकार थांबवली, ऑगस्टअखेरपर्यंत. १९८६ मध्ये दोन जहाजं बुडवूनही आइसलँडची शिकार लगेच थांबली नव्हती. ती १९८९ पर्यंत चालली आणि त्यात जर्मनी-अमेरिकेतल्या मोठ्या गिऱ्हाइकांनी आइसलँडची मासळी नाकारली, त्याचा वाटा मोठा होता. मी म्हटलं, बघ, घड्याळ घेऊन उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी एक उन्हाळा वाचवला. ती म्हणाली, “आणि सप्टेंबरला परत सुरू झाली की.” तेही खरंच.

जपानी लोकांबद्दल आमच्याकडं फार एकतर्फी बोलणं होतं, म्हणून थोडं त्यांचंही. युद्धानंतर तो देश उपाशी होता. १९४६ मध्ये अमेरिकी सेनानी मॅकआर्थरनंच त्यांना अंटार्क्टिकला शिकारीला जाऊ दिलं. शाळेच्या जेवणात पोरांना देवमाशाचं मांस मिळायचं. आमच्या बहात्तरच्या दुष्काळातला लाल मिलो आणि सुकडी आठवा. मिलोची भाकरी कुणाला आवडली नव्हती, पण त्या पिढीसमोर मिलोला नावं ठेवून बघा. १९६२ च्या सुमारास जपानमध्ये वर्षाला दोन लाख टनांच्या वर हे मांस खपायचं, आता काही हजार टन. खाणारे आपोआप कमी होत होते. त्यात परदेशी माणसं कॅमेरे घेऊन आली आणि ज्यांनी वर्षानुवर्षं ते मांस चाखलं नव्हतं, त्यांनाही वाटू लागलं की आमच्या ताटात काय असावं हे सांगणारे तुम्ही कोण. ताटावरून माणूस किती चटकन हट्टाला पेटतो, ते महाराष्ट्रात राहणाऱ्याला ठाऊक आहे. थेट कारवाईनं हंगाम अडतो, पण बाजार कधीकधी जिवंत राहतो, असं माझं मत झालं आहे.

अंटार्क्टिकची शिकार शेवटी कुणी थांबवली? ३१ मार्च २०१४ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं बारा विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की जपानचा तो कार्यक्रम शास्त्रीय संशोधनासाठी आहे असं म्हणता येत नाही, परवाने रद्द करा. खटला ऑस्ट्रेलियाचा होता. बहुमतात आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारीही होते. माझ्या मते तिथंच संपायला हवं होतं. एक हंगाम जपाननं सोडला आणि नवा कार्यक्रम आखून ३३३ मिंकेंसाठी परत गेला. २०१७ मध्ये ‘सी शेफर्ड’नंच जाहीर केलं की आता आमचं जहाज त्यांना गाठू शकत नाही, लष्करी उपग्रहानं ते आम्हाला आधीच बघतात. आणि २०१९ मध्ये जपान देवमाशांच्या शिकारीचं नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगातून बाहेर पडला, अंटार्क्टिक सोडलं आणि स्वतःच्या हद्दीत उघडपणे व्यापारी शिकार सुरू केली. २०२४ मध्ये ‘कांगेई मारू’ नावाचं नवं कोरं कारखाना-जहाज उतरवलं, साडेसात अब्ज येनचं, आणि फिन देवमासाही यादीत घातला. त्या जहाजाला उतार आहेच.

म्हणजे बाटलीवाले म्हणतात आम्ही थांबवलं, कोर्टवाले म्हणतात आम्ही, आणि खरा वाटा बहुधा गिऱ्हाइकांचा आहे. तरी त्या मधल्या हंगामांत जे शेकडो देवमासे उतारावर चढले नाहीत, ते कोर्टाच्या तारखेपर्यंत जगले ते अडवणाऱ्यांमुळंच. तेवढं मी मान्य करतो, जामीन बुडवण्यासकट.

समुद्रावरची ही भांडणं आम्ही करत होतो आणि इकडं आमच्या दारातला पक्षी निघून गेला. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, म्हणजे ‘सिएरा’ला धडक बसली त्याच वर्षीचं. आधी ते जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, तालुकेच्या तालुके त्यात, जमिनी विकता येईनात म्हणून शेतकरी वैतागलेले. पुढं छाटून बाराशेच्या आसपास आणलं. लहानपणी आम्ही सहलीला जायचो तेव्हा मान ताठ करून चालणारा तो भारदस्त पक्षी दिसायचा. आता दिसला तर पेपरात बातमी येते. त्याच्यावर कुणी हार्पून रोखला नव्हता. माळ नांगरला गेला, ऊस आला, विजेच्या तारा आल्या, कुत्री आली. आडवं कुणाच्या जायचं? वॉटसन नान्नजला आला असता तर दुर्बीण लावून बसला असता आणि संध्याकाळी चहा पिऊन गेला असता.

हे बोलणं मी सहज केलं होतं. भाचीनं ते धरून ठेवलं. आमच्या गावाकडच्या माळावरून रात्री मुरूम जातो. परवाना नाही. तहसीलला अर्ज झाले, पोच मिळाली, टिपर चालूच. तिनं जाऊन बघितलं आणि फोन केला, “मामा, बाहेर निघायला ओढ्यावरची एकच मोरी आहे. तिथं बसलं की सगळं बसलं.” उतार सापडला होता तिला.

मी तिला सांगितलं, बेकायदा मुरूम नेणाऱ्याचीही वाट अडवलीस तरी गुन्हा आधी तुझ्यावरच दाखल होईल. न्याय संहितेचं कलम १२६, आणि पाच जण जमलात तर १८९, बेकायदा जमाव. टिपर चालवणारं पोर वीस-बावीसचं असतं, रोजावरचं, गाडीचे ब्रेक जेमतेम. अंधारात त्याला तू दिसलीच नाहीस तर तू जाशील आणि तो तुरुंगात सडेल. म्हणून दिवसा बसायचं, तहसीलदाराला आणि ठाण्याला लेखी कळवून बसायचं, कंदील, बॅनर, काय ते लांबून दिसेल असं लावायचं, आणि पोलीस आले की जागेवरून हलायचं नाही.

“मुरूम रात्री जायलाय आणि आम्ही दिवसा बसायचं?” ती म्हणाली.

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी तिला म्हटलं, मोरीच्या अलीकडं चढ आहे, तिथं गाडीचा वेग आपोआप कमी होतो, निदान तिथं बसा. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजातली चार पोरं घेऊन ती येणार आहे. बहीण माझ्याशी बोलत नाही. त्या आठवड्यातल्या माझ्या तारखा मी ज्युनिअरकडं दिल्या आहेत, आणि ठाण्याला द्यायच्या पत्राचा मसुदा टाइप करून ठेवलाय. खाली सह्यांसाठी पाच ओळी सोडल्या होत्या, काल त्यात एक वाढवली.